दोरानं सोडलेल्या चिंध्या

मावशीनं हातातली चिठ्ठी प्रभाकररावांच्या मांडीवर ठेवली, पदरानं कपाळ पुसलं आणि समोरची रिकामी खुर्ची सोडून खाली फरशीवर बसली.

"वाचा," ती म्हणाली. "मी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली. तेच निंगते."

नव्या वर्षाचा पहिला दिवस होता. सेलूच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत या दिवशी उपासना संपली की पितळी ताट फिरतं. ताटात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर शास्त्रातलं एक वचन. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं वर्षाचं वचन. कोणी ते कपाटाच्या दारावर चिकटवतं, कोणी पाकिटात ठेवतं आणि मग बारा महिने बऱ्या-वाईटाला त्याच्याकडं बघतं. भिऊ नको, मी तुझा हात धरीन, तुझं पाऊल ढळू देणार नाही, अशी सगळी वचनं. कडू चिठ्ठी त्या ताटात नसतेच.

प्रभाकररावांनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली. हरिदासाचं टपोरं अक्षर त्यांनी लगेच ओळखलं. *ही जुनी फडकी आणि चिंध्या तुझ्या काखेत, दोराखाली घाल. यिर्मया, अडतिसावा अध्याय.*

त्यांनी पुन्हा वाचलं आणि हसू आवरेना. खांदे हलायला लागले. आतून सून समीक्षा चहाचं पातेलं हातात घेऊनच दारात आली, कारण या घरात सासरे हसल्याचा आवाज येऊन दीड वर्ष होत आलं होतं.

"हसा," मावशी म्हणाली. "चर्चमधे समदे हासले. पाळकसाहेबबी हासले. मीबी हासली. पण चिठ्ठी तर माह्याच हाती आली ना?"

तेवढ्यात फाटकाशी हरिदासाची स्कूटी थांबली. हरिदास म्हणजे मंडळीचा पेटीवाला. तीस वर्षं प्रभाकररावांच्या कीर्तनाला त्याचीच पेटी असायची आणि वचनाच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं कामही वीस वर्षं त्याच्याकडंच होतं. तो खाली मान घालून आत आला.

"बुवा, चूक माही," तो म्हणाला. "पाळकसाहेबांनी एकतिसावा अध्याय सांगतला होता. त्या अनंतकाळच्या प्रीतीचं वचन. पंख्यानं पान उलटलं असंन, आन् मी आपलं समोर दिसते ते उतरवलं. खाली आकडाबी त्याच पानावरचा टाकला."

"वाचलं नाईस?"

"वीस साल झाले लिहून राह्यलो. आता हातच लिहिते बुवा, मी कुठी वाचतो."

त्यानं खिशातून दुसरी चिठ्ठी काढली. नवी कोरी, कडेनं लाल शाईची वेल काढलेली. "हे घ्या मावशी. प्रीतीचं वचन. ती इकडं द्या."

मावशीनं वेलीकडं कौतुकानं पाहिलं. "छान काढली. पण ओढलेली चिठ्ठी कोणी वापस करते काय? प्रार्थना करून हात घातला होता मी ताटात."

"अवं, पण त्याच्यात वचन कुठी आहे? चिंध्या काखेत घाल म्हणते."

"म्हणूनच तर बुवाकडं आली. हे समजून सांगतीन." ती प्रभाकररावांकडं वळली. "चिठ्ठी तुमच्यापाशीच राहू द्या. अर्थ सापडला की द्या वापस."

समीक्षानं चहा दिला. मावशीनं बशीत ओतून दोन घोटांत संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन विसळला आणि गेली. ती कुठंही गेली तरी कप विसळायचीच. सेवाग्रामच्या दवाखान्यात, ऑपरेशन झालेल्यांच्या वॉर्डात, एकतीस वर्षं आयाबाई होती ती. तिथं सगळ्या आयाबायांना मावशीच म्हणतात. निवृत्त होऊन सेलूला आली तेव्हा नावही बरोबर घेऊन आली.

हरिदास मागं रेंगाळला.

"कापणीच्या सणाचं काय ठरवलं, बुवा? फेब्रुवारीचा दुसरा रविवार धरला आहे."

"गळा गेला म्हणून सांगितलं ना तुले."

"पाळकसाहेब म्हणे, नाईच जमलं तर तुमचं जुनं कीर्तन मोबाइलवर लावू. मोठा स्पीकर आहे आता."

चहावरची साय प्रभाकररावांनी बोटानं बाजूला केली आणि तशीच बोटावर धरून ठेवली.

गळा गेला नव्हता. हे त्यांना ठाऊक होतं, आणि भल्या सकाळी समीक्षा दळण आणायला गेली की ते दार लोटून एखादा अभंग म्हणून पाहत. आवाज होता, जागच्या जागी होता. गेला होता तो डावा पाय. साखरेच्या आजारात अंगठा काळा पडला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. नकली पाय बसवून पाहिला, पण जखम उघडली आणि तो पलंगाखाली गेला. राहिल्या दोन कुबड्या. त्यांच्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की काखेतली कातडी सोलून निघे.

आणि कीर्तन तर उभ्यानं करायचं. त्यांच्या गुरुजींनी, पहिल्यांदा गळ्यात हार घातला त्या दिवशी, एवढंच सांगितलं होतं: बसून केलं की ते व्याख्यान होतं, प्रभाकर. पन्नास वर्षांत समुद्रपूरपासून आर्वीपर्यंत ज्या ज्या मंडळीनं बोलावलं तिथं ते उभे राहिले होते. उधळ्या पुत्राचं आख्यान लावलं की म्हातारे पुरुष डोळे पुसत. आता खुर्चीत बसून तेच गायचं, तर त्यापेक्षा गळा गेलेला बरा. माणसाला कधी कधी लहान लाज झाकायला मोठं खोटं पांघरावं लागतं.

त्या दुपारी त्यांनी शास्त्र उघडलं. यिर्मयाच्या पोथीतली रडणारी, शापणारी, आशा देणारी सगळी पानं त्यांच्या बोटांनी मळलेली होती. अडतिसाव्या अध्यायाचं पान मात्र तसं स्वच्छ होतं. गोष्ट त्यांना माहीत होतीच. संदेष्टा यिर्मया खरं बोलला म्हणून सरदारांनी त्याला कोरड्या टाक्यात सोडला. पाणी नव्हतं, चिखल होता. तो चिखलात रुतला. राजवाड्यातला एक परदेशी चाकर, आफ्रिकेतल्या कूश देशाचा एबद-मलेख, राजासमोर जाऊन त्याच्यासाठी बोलला. राजानं तीस माणसं दिली, यिर्मया बाहेर आला. कीर्तनात हे सगळं ते चार वाक्यांत संपवत आणि पुढं जात. चिंध्यांपाशी ते कधी थांबलेच नव्हते.

आठ दिवसांनी मावशी आली तेव्हा त्यांची तयारी झाली होती.

"ऐका," ते म्हणाले, आणि आवाज आपोआप कीर्तनाच्या पट्टीला गेला. "टाकं म्हणजे पाप. दोर म्हणजे देवाची कृपा. आणि चिंध्या म्हणजे आपली नम्रता. नम्रतेवाचून कृपा पेलत नाही."

मावशीनं मान डोलावली.

"असंन बा," ती म्हणाली. "तुमी म्हणता त असंनच. पण मी घरी पूर्ण अध्याय वाचला. हळूहळू वाचतो मी, शब्द लावून. तर मले दुसरंच दिसलं."

"काय?"

"त्यानं चिंध्या फेकल्या नाईत."

प्रभाकररावांना समजलं नाही.

"असं लिहिलं आहे पाहा. त्या चाकरानं त्या दोरानं खाली सोडल्या. आता टाकं ते, वरून फेकल्या असत्या तरी पडल्याच असत्या ना त्याच्याजवळ? पण खाली चिखल आहे. फेकल्या तर चिखलात पडतीन. वल्ल्या होतीन, घाण होतीन. मग त्या काखेत घालून काय फायदा? आमच्या वॉर्डात एक नवी पोरगी लागली होती. तिनं धुतलेली पट्टी लांबून पलंगावर फेकली, तर सिस्टरनं तिले असं झापलं! पट्टी फेकायची नाई. हातात द्यायची, नाई तर साफ जागेवर ठेवायची. हा माणूस कामाचा होता, बुवा. त्याले कळत होतं."

प्रभाकररावांनी शास्त्र पुढं ओढलं. बोट ओळीवरून सरकलं आणि थांबलं. होतं तसं लिहिलेलं. *दोरांनी खाली सोडल्या.* पन्नास वर्षं होतं.

"आन् जुन्याच काऊन?" मावशीला आता रंग चढला होता. "राजाच्या घरी नव्या कापडाची का कमी होती? पण नव्या कापडाले खळ असते. ते रुतते. दहादा धुतलेलं कापड मऊ. आन् राजवाड्यात जुनी फडकी कुठी ठेवली हायेत हे राजाले मालूम असते काय? प्रधानाले? जो घड्या करते त्यालेच मालूम. राजानं माणसं दिली, दोर दिले असतीन. चिंध्या आण म्हणून कोणी नाई सांगतलं त्याले. उपाशी माणूस, अंगावर मास नाई, अन् तीस जण वढणार. काखा फाटतीन याच्या, हे त्याच्या एकट्याच्या मनात आलं."

ती थांबली. आपण फार बोललो असं तिला वाटलं असावं, कारण तिनं पदर सारखा केला.

प्रभाकरराव पुस्तकाकडंच बघत होते. मोठमोठ्या सभांतून त्यांनी विद्वानांची प्रवचनं ऐकली होती, जाड भिंगांचे चष्मे लावून ग्रंथ वाचले होते. कोणी त्यांना या ओळीपाशी आणून असं उभं केलं नव्हतं. टाक्याच्या काठावर वाकलेला तो काळा माणूस त्यांना दिसला. एका हातात दोर, आणि दोराच्या टोकाला गाठोडं, चिखलाला न लागता हळूहळू खाली जाणारं.

"तुमचा आंगडा पाह्यला मी बाहेर, तारेवर," मावशी म्हणाली, अगदी त्याच आवाजात.

"कोणता सदरा?"

"पांढरा. काखेत डाग आहेत. समीक्षानं लय घासला दिसते, पण ते निंगत नाईत. मी एकतीस वर्षं तेच डाग धुतले."

प्रभाकररावांनी खांद्यावरची शाल पुढं ओढून घेतली. आत भांड्यांचा आवाज थांबला.

मावशी उठली. कोपऱ्यात भिंतीला टेकलेल्या कुबड्या तिनं उचलल्या आणि वरचं रबर अंगठ्यानं दाबून पाहिलं. "हे तर दगड झालं," ती म्हणाली. "ह्या मी घेऊन जातो."

"अहो, मग मी चालू कसा?"

"कुठी जाऊन राह्यले तुमी?"

कुबड्या काखोटीला मारून मावशी निघाली. फाटकातून वळताना एक कुबडी दाराला आपटली, तेव्हा तिनं दाराचीच माफी मागितल्यासारखा त्यावरून हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी कुबड्या परत आल्या. वरच्या आडव्या दांड्यांवर जुन्या सुती लुगड्याचे पदर एकावर एक गुंडाळलेले होते, इतके धुतलेले की मूळचा हिरवा रंग आता नुसता संशयापुरता उरला होता. टोकं आत दुमडून बारीक टाके घातले होते. गाठ कुठंच नव्हती. फक्त उजव्या दांडीच्या खाली, जिथं काख लागत नाही, तिथं कापड सरकू नये म्हणून एक लहानशी नाडी बांधलेली होती.

"कापूस नाई भरला?" त्यांनी विचारलं. सगळ्या जिल्ह्यात कापूस, म्हणून विचारलं.

"कापूस दबते, त्याच्या गोट्या होतेत. कापडच पाहिजे. आता उभं राहा. भार हातावर द्या, काखेवर नाई. काख नुसती टेकवाची."

ते उभे राहिले. काखेला काहीतरी लागलं आणि टोचलं नाही. समीक्षानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

"मावशी," ते उभ्यानंच म्हणाले, "चिठ्ठीचा अर्थ हाच का मग?"

"अर्थ तुमी सांगान," मावशी म्हणाली. "मले काम मालूम आहे."

कापणीच्या सणाला चर्चच्या वेदीपुढं कापसाची बोंडं, तुरीच्या पेंड्या, गव्हाच्या ओंब्या आणि कोणाच्या तरी परसातला एक भलामोठा कोहळा मांडला होता. मोठा स्पीकर कोपऱ्यात झाकून ठेवलेला. प्रभाकरराव फाटकापासून वेदीपर्यंत स्वतः चालत आले. त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ कोणी खोकलंही नाही. हरिदासानं सूर धरला.

नमन झालं. मग उजव्या हातात चिपळ्या घेऊन, डाव्या कुबडीवर रेलून त्यांनी स्वतः रचलेलं ध्रुपद उचललं:

*दोर तो राजाचा, तीस जणां हाती,*
*जुनी चिंधी होती एका ठावी.*

दोनदा म्हटलं आणि तिसऱ्यांदा सगळी मंडळी त्यांच्यामागं म्हणायला लागली. मग आख्यान लागलं. चिखलातला यिर्मया, वेशीत बसलेला राजा, आणि राजासमोर उभा राहिलेला परदेशी चाकर. चिंध्या फेकल्या नाहीत हे त्यांनी सांगितलं तेव्हा बायकांच्या बाजूनं एक हुंकार उठला, ज्यांनी जन्मभर दुखणी-बाणी उस्तवारली होती त्यांचा. नवं कापड रुततं म्हणाले तेव्हा म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. गळा असा लागला होता की हरिदास पेटीवरून नजर उचलून उचलून त्यांच्याकडं बघत होता.

"आता या माणसाचं नाव," प्रभाकरराव म्हणाले. "एबद-मलेख. याचा अर्थ राजाचा चाकर. हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. हे त्याचं काम आहे. राजवाड्यात सगळे त्याला कामाच्या नावानं हाका मारत. त्याचं नाव काय, हे कोणी…"

आणि ते थांबले.

मागं, दाराजवळ, चपलांच्या शेजारी मावशी बसली होती. तिची ती नेहमीची जागा. ओठ थोडे उघडे, मान किंचित कलती, जशी त्यांच्या कीर्तनाला बसायची तशी. चिपळ्या खाली आल्या. हरिदासाला वाटलं बुवा ओळ विसरले. त्यानं भाता चालू ठेवला, तोच एक सूर लांबवत नेला आणि हळूच ध्रुपदाचे शब्द पुटपुटले. प्रभाकररावांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. एका हातानं कुबडीची मूठ घट्ट धरून ते तिथंच उभे होते.

मग त्यांनी अभंग पुन्हा उचलला. वाक्य मात्र पुरं केलं नाही.

शेवटी पुढच्या अध्यायातली गोष्ट सांगितली, जी सहसा कोणी सांगत नाही. नगर पडायच्या आधी देवानं कैदेतल्या यिर्मयाकडून त्या एकट्या चाकराला निरोप धाडला. राजाला नाही, तीस जणांना नाही. तू ज्यांना भितोस त्यांच्या हाती मी तुला देणार नाही. तुझा जीव तुझाच राहील, कारण तू माझ्यावर भरवसा ठेवलास. आरती झाली, प्रसादाचे लाडू वाटले गेले आणि लोक प्रभाकररावांभोवती गोळा झाले. हात हातात घेत होते, काही तर कुबड्यांवरचं कापड चाचपून बघत होते.

गर्दी पांगली तसं त्यांनी हरिदासाला जवळ बोलावलं.

"मावशीचं नाव काय रे?"

हरिदास बोलायला गेला आणि त्याचं तोंड तसंच राहिलं. "मावशी," तो म्हणाला. मग म्हणाला, "थांबा. रजिस्टरात असंन. पाळकसाहेबाले विचारू काय?"

"नको. पेन दे तुझा."

मावशी मागच्या नळावर चहाचे कप विसळत होती. कुबड्यांचा आवाज ऐकून तिनं मागं पाहिलं आणि ओला हात कमरेला पुसला.

"गळा काय लागला आज, बुवा. मी तर म्हणलं, छपराचे पत्रे निंगतीन."

प्रभाकररावांनी खिशातून चिठ्ठी काढली. एका बाजूला हरिदासाचं टपोरं अक्षर. दुसऱ्या बाजूला त्यांच्या स्वतःच्या जुन्या वळणाच्या अक्षरात पुढच्या अध्यायातला तो निरोप पूर्ण लिहिलेला होता. निरोप ज्याला धाडला, त्याच्या नावाची जागा त्यांनी दहा दिवसांपूर्वीच कोरी सोडली होती. मावशी असं लिहायला घेतलं होतं, पण पेन कागदाला टेकलं नव्हतं, आणि का, ते तेव्हा त्यांना कळलं नव्हतं.

"अर्थ सापडला काय?"

"सापडला. वचनबी सापडलं. पण यात एक शब्द राह्यला आहे." त्यांनी चिठ्ठी नळाच्या कठड्यावर कोरड्या जागी ठेवली. "तुमचं नाव सांगा."

मावशीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग चिठ्ठीकडं. ती शब्द लावून लावून वाचू लागली. नळ चालूच होता.

"ज्याले भेतो त्याच्या हाती देणार नाई," ती म्हणाली. "मी कोणाले भेतो? एका त्या लाल कुत्र्याले भेतो फक्त, चौकातल्या." ती हसली, आणि हसू मधेच कुठंतरी थांबलं. तिनं नळ बंद केला.

"जयवंता," ती म्हणाली. "जयवंता तुकारामजी उईके."

प्रभाकररावांनी कठड्यावर वाकून ते लिहिलं. वाकताना उजवी कुबडी थोडी सरकली.

"थांबा, थांबा. नाडी सैल झाली इकडची," जयवंताबाई म्हणाली. तिनं त्यांच्या काखेतून कुबडी काढून घेतली, कठड्यावर टेकून मांडीवर आडवी धरली आणि दातांनी नाडीचं टोक ओढून गाठ नव्यानं मारायला लागली. तेवढा वेळ प्रभाकरराव एका पायावर, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.